डॉक्टर बेर्रुती गवत कापतात

माणसानं सभेत बोलावं, पण सभेच्या शेवटी बोलू नये. सुरुवातीला बोललेलं लोक विसरून जातात; शेवटी बोललेलं मात्र बोलणाऱ्याच्या गळ्यात बांधून घरी जातात. पासो देल हुंको या आमच्या गावचे दंतवैद्य डॉक्टर आन्सेल्मो बेर्रुती क्लबाचे नवे अध्यक्ष होते. नव्या अध्यक्षाला हे ठाऊक नसतं.

सभेपुढचा प्रश्न साधा होता. रविवारी लोमा पेलादाशी फुटबॉलचा सामना, आपल्या मैदानावर. शनिवारी दुपारी लीगचा तपासनीस मैदान बघायला येणार. आणि मैदानावर, वसंतातल्या पावसाच्या कृपेनं, गवत गुडघ्याला लागत होतं. कापणारा ट्रॅक्टर सुट्या भागाची वाट बघत उघडाबोडका पडला होता. गवत नियमात बसलं नाही, तर सामना लोमा पेलादाला हलणार.

लोमा पेलादा म्हणजे टकल्या टेकडीचं गाव. तिथे गवत उगवतच नाही, त्यामुळे गवताचा नियम त्या लोकांनी आजवर कधी मोडलेला नाही, आणि याचा त्यांना गर्व आहे! गेल्या खेपेला आपली माणसं तिथे गेली, तेव्हा मातेसाठी, म्हणजे आमच्या त्या कडू पानांच्या चहासाठी, थर्मासात गरम पाणी मागितलं तर "नळ तिकडे आहे" असं उत्तर मिळालं होतं. हरण्याचं आपल्याला काही नाही, हरायची सवय आहे. पण गार पाण्याचा अपमान दोनदा कोण गिळणार?

लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले,

"माझ्याकडे गवत कापायचं यंत्र आहे. राजधानीहून मागवलंय, नवं कोरं, अजून खोक्यात आहे. क्लबाला वापरायला देतो."

"पण चालवणार कोण डॉक्टर? इंजिन आहे त्याला."

"इंजिन म्हणजे काय हो एवढं?" डॉक्टर हसले. "मी रोज इंजिन हातात धरतो. तेसुद्धा लोकांच्या तोंडात!"

टाळ्या पडल्या. सभा संपली. डॉक्टर ताठ मानेनं घरी गेले आणि बायकोला, नेलिदाला, सगळं सांगितलं. नेलिदानं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"आन्सेल्मो, तू बल्ब बदलायला वीजवाल्यांना बोलावतोस."

"बल्बचा प्रश्न वेगळा. तिथे स्टुलावर चढावं लागतं."

"आणि यंत्र माझ्या बागेसाठी मागवलं होतंस ना?"

"बाग कुठे पळून जातेय?" डॉक्टर म्हणाले. हे मात्र खरं होतं. बाग कुठेच जात नव्हती, उलट खिडकीतून आत येत होती.

गुरुवारी दवाखान्यामागच्या अंगणात खोकं उघडलं. डॉक्टरांनी पांढरा कोट चढवला होता, कारण कोट नसला की आपले हात आपले वाटत नाहीत असं ते म्हणत. खोक्यातून इंजिन निघालं, पातं निघालं, चार चाकं, दोन दांड्या, एक पिशवीभर बोल्ट आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिका कुठल्यातरी दूरच्या देशात, स्पॅनिश कधीही न ऐकलेल्या कुणीतरी मोठ्या मायेनं लिहिली होती. "तेल पिण्याआधी यंत्रास जागे करू नये. तृप्त यंत्र हाच मालकाचा मोद." डॉक्टरांनी ते नेलिदाला वाचून दाखवलं, पोट धरून हसले आणि पुस्तिका कपाटावर टाकली. एवढं शहाणपणाचं वाक्य त्या अंगणात पुढे दोन दिवसांत कुणीही बोललं नाही, ही गोष्ट वेगळी.

जोडणी झाली. एक बोल्ट उरला.

"कंपनी एखादा जास्तीचा देते," डॉक्टर म्हणाले आणि तो कोटाच्या खिशात टाकला.

इतक्यात कुंपणाच्या एका बाजूनं औषधवाला ओदिलॉन आला आणि दुसऱ्या बाजूनं दोन वाशिंग्तोन. हा 'दोन' आकडा नव्हे, आमच्याकडचं 'राव'; माणूस एकच, गावचे निवृत्त तारमास्तर. आमच्याकडे आईबाप मुलांना मोठमोठ्या लोकांची नावं देऊन मोकळे होतात, मुलगा पुढे तार खात्यात जातो. दोघांच्याही बगलेत थर्मास, हातात मातेचं भांडं. ही माणसं मदतीला येत नाहीत, बघायला येतात. पण बघता बघता राहवत नाही.

"पेट्रोलमध्ये तेल किती मिसळलंत?" ओदिलॉननं विचारलं.

"मिसळायचं असतं?"

"म्हणजे काय! चाळीसाला एक. जन्मभर मिश्रणंच केली आहेत मी. आणा इकडे, मोजून देतो."

"खबरदार!" दोन वाशिंग्तोन गरजले. "अजिबात मिसळायचं नाही. तेलाला वेगळं भोक असतं. हे काय, हे. पेट्रोल पेट्रोलच्या जागी, तेल तेलाच्या जागी. मिसळलं की इंजिन गेलं."

"नाही मिसळलं की गेलं!"

"माझ्या मेव्हण्याची करवत..."

"करवतीचं काय सांगता? माझ्या साडूची बोट..."

डॉक्टर दोघांच्याही दाढा बघत होते, म्हणजे धंद्यात दोघांचीही गरज होती. शेजारी दुखवून चालत नाही. त्यांनी मोठ्या मुत्सद्देगिरीनं दोघांचं ऐकलं. पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, चाळीसाला एक. आणि वेगळ्या भोकातही तेल ओतलं. किती? तर दोन वाशिंग्तोन तेलाची कांडी बाहेर काढायचे, चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि म्हणायचे, "काही दिसत नाही. अजून घाला." चष्मा डोळ्यांवर ठेवून बघावं हे कुणाला सुचलं नाही. भोक भरून तेल गळ्याशी आलं तेव्हा ते म्हणाले, "आता दिसतंय."

या वेळी दवाखान्यातल्या खुर्चीवर एक पेशंट होती. बेकरीवाल्या दोन्या सुल्मा, म्हणजे सुल्माबाई. डॉक्टरांनी त्यांना सुई देऊन, "जबडा बधिर होऊ दे, आलोच," असं सांगून अंगणात पाऊल टाकलं होतं, त्याला बराच वेळ झाला होता. दोन्या सुल्मा वाट बघण्यासाठी जन्मलेल्या नव्हत्या. गळ्यात टॉवेल, गाल टम्म, अशा त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बघितलं आणि ओरडल्या,

"हेल! हेल हाहत हालंय!"

"काय म्हणतायत बाई?" ओदिलॉननं विचारलं.

"हॉटेल म्हणतायत," दोन वाशिंग्तोन म्हणाले. "भूक लागली असेल."

"दोन्या सुल्मा, तुम्ही बोलू नका, जीभ चावाल," डॉक्टर म्हणाले. "हं, आता पातं घट्ट आहे का बघू. यंत्र आडवं करा."

"आहवं हरू हका!" दोन्या सुल्मांनी हात जोडले. "हेल हांहेल! हेल हांहेल!"

"बिचारी," ओदिलॉन हळहळला. "डोस जरा जास्तच झाला डॉक्टर."

यंत्र आडवं केलं. ते दोन कुशींवर आडवं करता येतं. एका कुशीवर काही होत नाही. दुसऱ्या कुशीवर हवेची जाळी खाली येते आणि इंजिनातलं सगळं तेल तिच्यात जाऊन बसतं. तिघांनी मिळून दुसरी कूस निवडली, हे सांगायला नकोच. पातं घट्ट होतं. यंत्र पुन्हा उभं केलं. डॉक्टरांनी दोरी धरली, श्वास घेतला आणि ओढली.

दोरी आली नाही. डॉक्टर गेले. म्हणजे दोरी जागच्या जागी राहिली आणि डॉक्टर तिच्या दिशेनं ओढले जाऊन यंत्राला मिठी मारून बसले.

"रुसलंय," दोन वाशिंग्तोन म्हणाले.

मग ओदिलॉननं ओढली. मग दोघांनी. मग तिघांनी एकामागे एक धरून, जत्रेतल्या रस्सीखेचीसारखी. दोन्या सुल्मा खांबाला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या, बहुधा प्रार्थना करत असाव्यात. आणि अचानक, "भड!" असा आवाज होऊन इंजिन जागं झालं.

त्यानंतर काय झालं हे कुणी पाहिलं नाही, कारण काही दिसतच नव्हतं. पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर आधी अंगणात भरला, मग दवाखान्यात, मग गल्लीत, आणि मग चौकावर जाऊन बसला. वेळ दुपारच्या झोपेची. आमच्या गावात दुपारी कुत्रासुद्धा भुंकताना दबकून भुंकतो. खिडक्या धडाधड उघडल्या. कुणी म्हणालं गोदाम पेटलं, कुणी म्हणालं नवा पोप निवडला. धुरातून डॉक्टरांचा आवाज येत होता, "चालू झालं! चालू झालं!" आणि नेलिदाचा, "बंद कर! बंद कर!" नेलिदाचं ऐकलं ते इंजिननं. ते आपणहून खोकून खोकून गप्प झालं.

संध्याकाळपर्यंत दोन्या सुल्मांची जीभ ताळ्यावर आली. त्यांनी तिचा पहिला उपयोग तिथल्या तिथे केला.

"कधीची सांगतेय, तेल जास्त झालंय! आडवं करू नका, तेल सांडेल! बेकरीतल्या कणकीच्या यंत्राला मी स्वतः तेल घालते. यंत्राला तेल आणि नवऱ्याला लाड, दोन्ही मोजून द्यायचे असतात. आणि माझ्या दाढेचं काय?"

दाढ राहूनच गेली होती.

शुक्रवारी सकाळी नगरपालिकेतून सेन्योरिता मिर्ता आल्या. त्यांच्या झोपेच्या खोलीची खिडकी चौकावर उघडते, त्यामुळे धूर त्यांना सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही नात्यांनी लागला होता. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"चाकं आहेत?"

"आहेत."

"इंजिन?"

"ते तर तुम्हाला काल कळलंच."

"मग हे वाहन आहे. नंबरपाटी कुठे आहे?"

"अहो सेन्योरिता, हे गवत कापायचं यंत्र आहे. गवतावरून चालतं."

"मैदानापर्यंत काय गवतावरून नेणार? मधे हमरस्ता आहे. हमरस्त्यावर चाकं आणि इंजिन असलेली वस्तू फिरली की ते वाहन. पाटी लागेल, दिवा लागेल, भोंगा लागेल आणि तुमची परीक्षा द्यावी लागेल. परीक्षा मंगळवारी."

"बाळाच्या गाडीला पण चाकं असतात!"

"तिला इंजिन नसतं."

"पाणी चढवायच्या पंपाला इंजिन असतं!"

"त्याला चाकं नसतात. माझ्याशी वाद घालू नका डॉक्टर, मी या सगळ्याचा आधीच विचार करून ठेवलेला असतो."

डॉक्टर खचले. पण वकिलीची हौस त्यांना लहानपणापासून होती, फक्त वडिलांनी दात पुढे केले. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"आणि चाकं जमिनीला लागलीच नाहीत तर?"

सेन्योरिता मिर्तांनी विचार केला. "मग ते सामान."

"आभारी आहे," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मात्र डॉक्टरांनी जे केलं, त्याला तोड नाही. दोन्या सुल्मांच्या देखरेखीखाली सगळं तेल आणि ते ऐतिहासिक मिश्रण काढून टाकलं. हवेची जाळी साबणाच्या पाण्यात खळखळून धुतली आणि नेलिदानं ती मोज्यांशेजारी वाळत घातली. नवं तेल घातलं, कांडी पुसून, परत बुडवून, खुणेपर्यंत, वर एक थेंब नाही. मग डॉक्टरांनी कार्बोरेटर काढून दवाखान्यात नेला, पेशंटच्या खुर्चीवर टॉवेल अंथरून त्यावर ठेवला आणि वरचा दिवा लावला.

त्यात एक केसाएवढं भोक असतं, पेट्रोल त्यातून जातं. ते तेलानं आणि मळानं तुंबलं होतं. डॉक्टरांनी आरसा धरला, दाढेची मुळं साफ करायची बारीक सुई घेतली आणि भोकात घातली. हात स्थिर होता. चेहऱ्यावर तोच भाव, जो पाहून पेशंट खुर्चीचे हात आवळतात.

"दुखलं तर हात वर करा," ते सवयीनं म्हणाले.

नेलिदा दारात उभी होती. ती हसली नाही. नवऱ्याला आपलं काम करताना तिनं बऱ्याच दिवसांनी असं निवांत पाहिलं होतं. ती आत जाऊन त्याच्यासाठी माते घेऊन आली.

प्लग पुसला, घासला, त्याच्या टोकातली फट आरशात तपासली. सगळं जोडलं. दोरी ओढली. पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं, गुरगुरलं आणि मांजरासारखं एका लयीत चालू राहिलं. धूर नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी ओदिलॉनला मिठी मारली, दोन वाशिंग्तोनना मारली आणि आनंदाच्या भरात दोन्या सुल्मांनाही मारली असती, पण त्यांनी दाढेची आठवण करून दिली.

शनिवारी सकाळी यंत्र मैदानाकडे निघालं. चाकं जमिनीला लागायची नव्हती, म्हणून ओदिलॉननं औषधाच्या दुकानातला जुना स्ट्रेचर काढला. यंत्र त्यावर ठेवलं, धूळ बसू नये म्हणून नेलिदानं वर पांढरी चादर घातली. पुढे डॉक्टर आणि ओदिलॉन, मागे दोन वाशिंग्तोन आणि बेकरीतला एक धट्टाकट्टा भट्टीवाला. मागून दोन्या सुल्मा, काळ्या शालीत, कारण वारा होता.

चौकात पहिल्या माणसानं टोपी काढली. मग सगळ्यांनी. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. न्हाव्यानं अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून दुकानाचं फाटक अर्ध्यावर ओढलं.

"कोण गेलं?" कुणीतरी हळूच विचारलं.

"अजून कुणी नाही," दोन वाशिंग्तोन घाम पुसत म्हणाले.

पण हे उत्तर मागच्यांपर्यंत पोचलं नाही. माणसं मागे लागत गेली. एका बाईनं हुंदका दिला, तिला बघून दुसरीनं दिला. कुणीतरी शेजारच्याच्या कानात सांगितलं की जो कुणी गेला तो फार भला माणूस होता, आणि शेजाऱ्यानंही मान डोलावली. नगरपालिकेच्या दारात सेन्योरिता मिर्ता उभ्या होत्या. त्यांनी आधी चाकं हवेत आहेत ना हे नीट पाहिलं आणि मगच क्रूस काढला.

मैदानावर चादर काढली, तेव्हा मागच्या गर्दीत थोडी निराशा पसरली. पण आलोच आहोत तर थांबू, असं म्हणून लोक कडेला बसले. थर्मास उघडले.

डॉक्टरांनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. पहिला पट्टा कापला, आणि काय कापला! हिरवा, गुळगुळीत, सरळ. गर्दीतून "आहाहा" असा सूर निघाला. दुसरा पट्टा, तिसरा. आता या यंत्राच्या दांडीवर एक लोखंडी कडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद. आणि खालची दुसरी दाबली की यंत्र आपणहून पुढे जातं. दोन्ही सतत दाबून धरायच्या म्हणजे बोटांना पेटके येतात.

"बोटं सांभाळा डॉक्टर," दोन वाशिंग्तोन कडेवरून ओरडले. "बोटं गेली की दंतवैद्य गेला! जन्मभर तारेची कळ दाबलीय मी, मला विचारा. बांधून टाका त्या कड्या!"

डॉक्टरांच्या खिशात वाकडे दात सरळ करायची तार होती. तिच्यापेक्षा घट्ट वस्तू जगात नाही. आमच्या गावातल्या कित्येक मुलांचे दात तिनं मनाविरुद्ध सरळ केले आहेत. त्यांनी दोन्ही कड्या बांधल्या, बोटं मोकळी केली, आणि तळहात जरा पुसावेत म्हणून दांडी सोडली.

यंत्र निघालं.

डॉक्टर दोन पावलं मागे धावले आणि थबकले, कारण त्याच क्षणी डाव्या पुढच्या चाकानं मान टाकली. उरलेला बोल्ट जास्तीचा नव्हता. चाक तिरकं झालं, घासू लागलं, आणि यंत्र सरळ जायचं सोडून वळायला लागलं. वळत वळत ते मैदानाच्या मध्यावर गेलं आणि तिथे एका मोठ्या वर्तुळात गोल गोल फिरू लागलं.

त्या वर्तुळाच्या आत, गुडघाभर गवतात, हातात फूटपट्टी घेऊन, एक बुटके गृहस्थ ओणवे बसले होते. टाय लावलेला होता. ते लीगचे तपासनीस सेन्योर इचेनिके. ठरल्यापेक्षा लवकर आले होते, मागच्या फाटकानं आत शिरले होते, आणि गर्दी कशाला जमली आहे याच्याशी आपला काही संबंध नाही अशा सरकारी वृत्तीनं थेट मोजमापाला लागले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा यंत्र त्यांना पहिली प्रदक्षिणा घालत होतं.

"अहो!" ते म्हणाले. "अहो, हे काय?"

"हलू नका!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

"चालक नसलेलं वाहन!" सेन्योरिता मिर्ता किंचाळल्या. "मी सांगितलं होतं!"

"टाकी केवढी भरलीय?" ओदिलॉननं विचारलं.

"काठोकाठ," डॉक्टर पुटपुटले.

सेन्योर इचेनिके मधोमध उभे राहिले, फूटपट्टी छातीशी धरून. यंत्र फिरत होतं. प्रत्येक फेरीला चाक आणखी तिरकं होत होतं आणि वर्तुळ आणखी लहान. ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक कडेवरून धीर देत होते, दोन्या सुल्मा तर "बिस्किट फेकू का?" असंही विचारत होत्या. मग नेलिदा म्हणाली, अगदी हळू,

"आन्सेल्मो, ते आत येतंय."

डॉक्टरांचा चेहरा कोटासारखा पांढरा झाला. सगळं गाव बघत होतं. ओदिलॉनच्या बगलेतून थर्मास खाली पडला. कुणीही सल्ला दिला नाही. पासो देल हुंकोच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

मग डॉक्टर धावले. कोटाचे पंख उडवत, जाडजूड, पन्नाशी ओलांडलेले, गुडघाभर गवतातून. यंत्र समोरून गेलं, ते त्याच्या मागे लागले, अर्धी फेरी मागे धावले, आणि झेप घेऊन दांडी पकडली. यंत्र थांबलं नाही. ते डॉक्टरांनाही घेऊन फिरू लागलं. तार हातानं सुटेना. स्वतःच्या कौशल्याचा त्यांना त्या क्षणी फार राग आला. एक फेरी पोटावर घसटत झाली. दुसऱ्या फेरीत ते दांडीवरून पुढे सरकले, इंजिनपर्यंत हात लांबवला, प्लगवरची टोपी मुठीत धरली आणि मुळापासून उपटली, दाढ उपटतात तशी.

विजेचा झटका असा बसला की त्यांच्या तोंडून "आई गं!" ऐवजी "पुढचा पेशंट!" असं निघालं. पण इंजिन बंद पडलं. सेन्योर इचेनिकेंच्या बुटापासून हातभर अंतरावर.

डॉक्टर उभे राहिले. केस ताठ, कोट हिरवा, मुठीत टोपी आणि तिला लोंबणारी तुटकी वायर.

"या मैदानाची जबाबदारी कुणाची?" सेन्योर इचेनिकेंनी विचारलं.

"माझी," डॉक्टर म्हणाले. "अध्यक्ष मी आहे. यंत्र माझं, तार माझी, बोल्टही माझाच. यात गावाचा काही दोष नाही. शिक्षा मला करा, सामना हलवू नका."

सेन्योर इचेनिकेंनी टाय सरळ केला. मग गवताकडे बघितलं, वर्तुळाकडे बघितलं, आणि डॉक्टरांच्या केसांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"सेन्योर, मी मैदानं तपासतो," ते म्हणाले. "सगळीकडे मला आधी जेवायला नेतात आणि मग सांगतात की गवत तसं फार वाढलेलं नाही. गवत कापायला कुणी जिवावर उदार झालेलं मी आज पहिल्यांदा बघतो. मी संध्याकाळच्या बसनं जाणार. जाताना पुन्हा मोजीन. तोवर तुमचं तुम्ही बघा." जरा थांबून ते म्हणाले, "आणि कुणाकडे गरम पाणी असेल तर..."

एका वेळी वीसेक थर्मास पुढे झाले.

पण गवताचं काय? वायर तुटलेली, इंजिन मुकं. डॉक्टर यंत्रापाशी मांडी घालून बसले, हत्यारांची पेटी उघडली आणि वायरचं टोक सोलायला लागले. दोन्या सुल्मा कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अरे, तुम्ही सगळे बघत काय बसलात?" त्या गर्दीवर बरसल्या. "मेंढ्या भादरायचा हंगाम आहे ना? घरोघरी कात्र्या आहेत ना? मग मैदानही भादरा!"

आणि गाव उठलं. मेंढरांच्या लोकरीच्या मोठमोठ्या कात्र्या आल्या, विळे आले, मांस कापायचे सुरे आले, न्हावी आपली कात्री घेऊन आला आणि त्यानं कॉर्नरचे कोपरे असे कोरले की बघत राहावं. मघा हुंदके दिलेल्या बाया रांगेनं गुडघ्यांवर बसून गवत कापत पुढे सरकत होत्या. ओदिलॉन आणि दोन वाशिंग्तोन एकाच पट्ट्याच्या दोन टोकांनी निघाले, मधे भेटले आणि गवत ओलं कापावं की सुकं यावर भांडून पुन्हा उलट दिशांना गेले. सेन्योरिता मिर्तांनी मध्यरेषा कापली. ती त्या मैदानावरची आजवरची सगळ्यात सरळ रेषा ठरली. कुणी गाऊ लागलं, कुणी तळलेल्या पुऱ्या आणल्या, आणि सेन्योर इचेनिके टाय खांद्यावर टाकून गोलजाळ्यामागचं गवत हातानं उपटत होते, "हे मी तपासनीस म्हणून करत नाहीये," असं अधूनमधून सांगत.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. वायर जोडायला सोल्डर नव्हता. त्यांनी दातात भरायची चांदी वापरली. चाकात खिशातला बोल्ट बसवला, घट्ट पिळला. त्या कड्यांवरची तार कापून काढली. तेल बघितलं, कांडी पुसून. प्लग पुसला, फट मोजली, टोपी बसवली. ऊन कलायला लागलं होतं.

"झालं!" ते ओरडले आणि दोरी ओढली.

पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं, एका लयीत, गोड. डॉक्टर उठून उभे राहिले, दांडी हातात धरली आणि समोर बघितलं.

मैदानावर गवताची एक काडी उरली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, भादरलेलं, चकचकीत मैदान, आणि कडेला, गुडघे चोळत, गवतानं माखलेलं सगळं गाव. सेन्योर इचेनिकेंनी फूटपट्टी केव्हाच खिशात घातली होती.

सामना दुसऱ्या दिवशी आपण तीन गोलांनी हरलो. लोमा पेलादाच्या लोकांना मात्र पाणी उकळतं दिलं, मुद्दाम जीभ भाजेल इतकं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी डॉक्टर बेर्रुती इंजिन चालू करून उभे होते, आणि त्यांना कळत नव्हतं की आता काय करावं. बंद करावं तर सगळ्यांसमोर बंद करावं लागणार. गर्दीत कुणी हसलं नाही. दोन्या सुल्मांनी हसायच्या बेतात असलेल्या भट्टीवाल्याला कोपरखळी मारली.

मग डॉक्टरांनी कोटाची कॉलर नीट केली, दोन्ही कड्या बोटांनी दाबल्या आणि निघाले. गोलजाळ्यापासून गोलजाळ्यापर्यंत, नाकासमोर, पावलामागून पाऊल, जिथे कापायला काहीही नव्हतं तिथून. पातं हवेत फिरत होतं. यंत्र जराही वळलं नाही. त्या टोकाला पोचून त्यांनी कड्या सोडल्या, इंजिन तत्क्षणी थांबलं, आणि सगळ्या गावानं उठून टाळ्या वाजवल्या.

नेलिदा चालत त्यांच्यापर्यंत गेली. केसांतली गवताची काडी काढली, आणि मागे वळून त्या स्वच्छ मैदानाकडे जरा वेळ बघितलं.

"छान कापलंस, आन्सेल्मो," ती म्हणाली.